यूए १३+ ठीक आहे, पण आजोबांसोबत बघता येईल का?

नाताळच्या सुट्टीत ठाण्यातल्या घरी वाशी-नेरूळची भावंडं जमली, आजी-आजोबा सोफ्यावर बसले, की कुणीतरी म्हणतं, ‘‘कॉमेडी लावा, सगळ्यांना चालेल.’’ अर्ध्यात बंद करावे लागतात ते बहुतेक कॉमेडीच. मारधाडीच्या सिनेमाला आपण आधीच सावध असतो, विनोदीला नसतो.

सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्रापासून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. यू म्हणजे सगळ्यांसाठी, यूए म्हणजे लहान मुलांबाबत पालकांनी ठरवावं असा, ए म्हणजे फक्त प्रौढांसाठी. २०२३च्या कायदादुरुस्तीने यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. त्याआधीच्या सिनेमांवर नुसतं यूए असतं, म्हणजे १२ वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी ठरवावं. त्यात निरागस धमालही बसते आणि चावट धमालही. शिवाय हे आकडे पालकांसाठी सल्ला आहेत. थिएटरच्या दारात अडवायचं ते फक्त ए सिनेमाला. तिथे १८ वर्षांखालच्या मुलाला आई-बाबा सोबत असले तरी प्रवेश नाही.

ओटीटीवर, म्हणजे नेटफ्लिक्ससारख्या इंटरनेटवरच्या प्लॅटफॉर्मवर, सेन्सॉर बोर्ड नसतं. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्म स्वतःच वयोगट ठरवतो. म्हणून ‘‘टीव्हीवर पाहिलाय, स्वच्छ आहे’’ ही साक्ष धरू नये. टीव्हीवर ए सिनेमा दाखवताच येत नाही, तो कापून नव्याने यू किंवा यूए करून घेतात. ओटीटीवर तोच सिनेमा बिनकापलेला असू शकतो.

आता खरी तपासणी. आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर सिनेमाच्या पानावर ‘पॅरेंट्स गाइड’ असतं. त्यात लैंगिक दृश्यं, हिंसा, शिव्या, दारू-सिगारेट आणि भीतीदायक प्रसंग असे पाच भाग आहेत. वरची ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’ ही पाटी बघून सोडून देऊ नका, ती प्रेक्षकांच्या मतांवर ठरते. खालचे प्रसंग वाचा. तिथे ‘माइल्ड’ ठरलेलं लांबलेलं चुंबन आजोबांशेजारी बसून बघताना रिमोट कुठे गेला ते शोधायला लावतं. दहा वर्षांच्या मुलाला त्याचं काही वाटत नाही, अवघडतात ती मोठी माणसं. द्वयर्थी संवादांचंही तसंच. लहानांच्या डोक्यावरून जातात, पण बारा-तेराची मुलं नेमकी तेव्हाच आई-बाबांकडे बघतात.

पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर हिंसेचा भाग नीट वाचा. नाताळच्या विनोदी सिनेमांत चोराच्या डोक्यात वीट पडते, जिन्यावर पाय घसरतो, दाराची तापलेली मूठ हाताला चिकटते आणि पुढच्या क्षणी माणूस ठणठणीत उभा. या वयाला ‘लागत नाही’ एवढंच कळतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या जिन्यात गोट्या पसरलेल्या सापडल्या तर नवल नाही. अशा सिनेमात मोठं कुणीतरी शेजारी हवंच. सांताला खरा मानणारं मूल घरात असेल तर ‘सांता म्हणजे बाबाच’ असा संवाद आहे का, तेही आधीच बघा.

कुणाला हसवलं जातंय, हे कुठलंच प्रमाणपत्र सांगत नाही. जाड मुलगी, तोतरा नोकर, काळा नवरा यांच्यावर सगळा विनोद उभा असेल तर तो यू असला तरी माझ्या मते मुलांसाठी नको. हे ट्रेलरमध्येच कळतं, कारण निवडक विनोद तिथेच घातलेले असतात. सिनेमा ओटीटीवर असेल तर आदल्या रात्री पहिली पंधरा मिनिटं आणि मधली दहा मिनिटं बघा. पार्टीचे, दारूचे प्रसंग बहुधा मध्यावर येतात. हे सगळ्यांसमोर फॉरवर्ड करत बसण्यापेक्षा सोपं.

भाषा निवडताना हिंदी डबिंगही थोडं ऐकून घ्या. इंग्रजीतली मवाळ शिवी हिंदीत कधी गुळगुळीत होते, कधी चांगलीच झणझणीत.

थिएटरला जाणार असाल तर लांबी बघा. हॉलिवूडच्या विनोदी सिनेमाचं दीड-पावणेदोन तासांत आटपतं, हिंदीला अडीच तास लागू शकतात. लहान मुलं आणि आजी सोबत असतील तर दुपारचा शो आणि जिन्याशेजारच्या खुर्च्या घ्या, बाथरूमला जाताना अख्ख्या रांगेला उठवावं लागत नाही. संध्याकाळचा शो सुटला की घोडबंदर रोडवर पेंगुळलेली मुलं घेऊन रिक्षा शोधत उभं राहावं लागतं.