पुतळ्याची पाठ

मी १९८६ साली कोल्हापूरच्या आपल्या शाळेतून दहावी झालो. मार्क बेताचेच होते. पण आज धातूच्या कामावर माझं घर चालतं त्याची सुरुवात शाळेतच झाली, तीही एका शनिवारी सकाळी. ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

सातवीत होतो. चित्रकलेच्या सरांनी आमच्या वर्गाला चालत शिवाजी चौकात नेलं. महाराजांचा अर्धपुतळा काढायचा होता. पोरांनी समोर बसायला झुंबड केली आणि मला जागाच उरली नाही. सर म्हणाले, "तू मागनं काढ. समोरनं सगळेच बघतात." मी मागे जाऊन बसलो. पाठीवर काय काढायचं, हा प्रश्न पाच मिनिटं. नंतर मानेपासून खांद्यापर्यंत उतरत गेलेली रेघ दिसायला लागली. समोरून दिसणारा तो रुबाब या रेघेवर तोललाय, हे त्या वयात शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळलं होतं एवढं नक्की.

परतताना सरांनी बाबूराव पेंटरांची गोष्ट सांगितली. हा पुतळा त्यांच्या हातचा. आडनाव मेस्त्री. कुठल्या कलाशाळेत गेले नाहीत, घरातल्या कारागिरीतूनच चित्र आणि शिल्प उचललं. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी सोडलं नाही. विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला आणि त्याच कॅमेऱ्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून मी रोज शाळेत यायचो. त्या दिवसापासून तिथं पाय थबकायला लागला.

दहावीनंतर उद्यमनगरात एका वर्कशॉपला हेल्पर म्हणून लागलो. कलेच्या कॉलेजचा विषय घरात निघणं शक्यच नव्हतं. ऑइल इंजिनचं भंगार कोपऱ्यात पडलेलं असायचं: कनेक्टिंग रॉड, गिअर, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचे तुटके पाटे. सुट्टी झाल्यावर मालक तासभर वेल्डिंग मशीन वापरू द्यायचे, वेल्डिंग रॉडचे पैसे पगारातून. त्यांचे उपकार मोठे आहेत.

पहिलं मोठं काम म्हणजे म्हैस. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर पहाटे म्हशी उभ्या असतात, तिथं महिनाभर जाऊन बसलो. तीही मागूनच बघायचो, कारण म्हशीचा सगळा भार कमरेच्या हाडात असतो. शिंगांना पाटे तापवून वाकवले, फासळ्यांना सायकलच्या चेन लावल्या आणि मानेला बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक जाड हाऊसिंग (यंत्राचं बाहेरचं कवच) जोडलं. रात्री घरी जायला निघालो तर मागून 'टिंग' असा बारीक आवाज आला. सकाळी पाहिलं तर मानेत केसासारखी चीर.

शेजारच्या शेडमधले म्हातारे वेल्डर मामा ती चीर बघून म्हणाले, "बीड हाय ते, बाळा. त्याला घाई चालत न्हाई." बिडात कार्बन जास्त. साध्या रॉडनं भराभर टाका मारला की जोडाशेजारचा भाग कडक होतो आणि थंड होताना आकसून तडकतो. मामांनी शिकवलं ते असं: आधी सगळा तुकडा तापवायचा, निकेलचा रॉड घ्यायचा, बोटाच्या पेराएवढाच टाका घालायचा, गरम असतानाच हातोडीनं हलकं ठोकायचं, आणि काम झालं की राखेत पुरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी काढायचं. ती मान आजही शाबूत आहे.

ओतकाम नंतर आलं. चाळिशीत. मेणाचा पुतळा करायचा, त्यावर मातीचे थर द्यायचे, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. सांगायला चार ओळी पुरतात. माझा पहिला साचा मी ऐन जुलैत भाजला. वरून खडखडीत वाटत होता, आत ओल राहिली होती. ओतताच पाण्याची वाफ झाली आणि धातू तोंडातून उसळून परत आला. डाव्या मनगटावरचा डाग त्या दिवसाचा. आता साच्याच्या वाऱ्याच्या भोकावर थंड आरसा धरतो. आरशावर धुकं आलं की भट्टी चालूच. मुलगा म्हणतो, "बाबा, झालं की आता." मी त्याला आरसा दाखवतो. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पोकळीत अकराशे अंशांच्या पुढचा धातू जायचा असतो, तिथं अंदाज कामाचा नाही.

देवळांचे मुखवटे केले, पैलवान केले, चौकातले तीन पुतळे केले. हार घालायला येणारे समोरच उभे राहतात. मी मात्र प्रत्येक कामात पाठीला सर्वांत जास्त दिवस दिले. सर हयात असताना एकदा भट्टीवर आले होते. काही बोलले नाहीत, चप्पल काढली आणि मेणातल्या पैलवानाला मागून एक फेरी मारली. मला तेवढं पुरलं.

अमृतमहोत्सवासाठी संस्थापकांचा अर्धपुतळा करायचं काम शाळेनं माझ्याकडे दिलं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. मेण पुरं झालंय. फोटो सगळे समोरूनच काढलेले, म्हणून त्यांच्या घरच्यांना विचारून त्यांचा जुना कोट मागून आणला आणि खुंटीवर टांगून त्याच्या पाठीच्या चुण्या बघितल्या. उजवा खांदा थोडा उतरलेला आहे. तो तसाच ठेवलाय.

समितीला एकच विनंती. चौथरा भिंतीला टेकवून बांधू नका. मागे चार फूट जागा सोडा, सातवीतलं एखादं पोर पॅड घेऊन बसू शकेल एवढी.