पायाला काही झालेलं नव्हतं

मी कॅन्सर हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, आणि खरं सांगायचं तर माझा निम्मा वेळ पेशंटपेक्षा घरच्यांना समजवण्यात जातो. मागच्या महिन्यात एक काका आले, साठी नुकतीच ओलांडलेली, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर, मोठ्या आतड्याचा तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर, ऑपरेशन होऊन केमो चालू. मुलगा व्हीलचेअरवरून घेऊन आला. पायाला काही झालेलं नाही बरं का! पण घरी पाण्याचा ग्लाससुद्धा हातात, जेवण पलंगावर, तरी थकवा जात नाही म्हणून अजून आराम, आणि पडून पडून मांड्या पार सुकलेल्या.

हात छातीवर ठेवून खुर्चीतून उठा-बसा म्हटलं, 30 सेकंद. पाच वेळा झालं. त्या वयाला 14 तरी व्हायला पाहिजेत. पाचव्या वेळी पाय असे थरथरत होते की पायजमा हलताना दिसत होता आणि काकू मागून, "अहो मॅडम, एवढं नका करायला लावू त्यांना." काका जाम चिडले, माझ्यावर नाही, स्वतःवरच. म्हणाले, "घाटात चालत्या गाडीत कशालाही न धरता तिकिटं फाडलीत मी."

मुलाला पुरावा पाहिजे होता. मग त्याला 2025 ला निकाल आलेली 'चॅलेंज' नावाची ट्रायल सांगितली, आतड्याच्याच कॅन्सरचे 889 पेशंट, केमो झाल्यावर अर्ध्यांना तीन वर्षं कोच देऊन व्यायाम, अर्ध्यांना फक्त माहितीपत्रकं. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांत 90 टक्के हयात, दुसऱ्यांत 83. हे केमो संपल्यानंतरचं, तेही सांगितलं, उगाच फुगवून कशाला सांगा. केमो चालू असताना व्यायाम करायचा तो थकवा कमी व्हावा आणि अंगात ताकद टिकावी म्हणून, आणि तेवढ्यासाठीसुद्धा तो करण्यासारखा आहेच.

मग कॉरिडॉरमध्ये चालवलं. ऑक्सालिप्लॅटिन या केमोच्या औषधामुळे तळपायाला मुंग्या, जमीन नीट कळत नाही, आणि पायात अंगठ्याची गुळगुळीत स्लिपर! ती आधी बदलायला लावली, मागे पट्टा असलेली सँडल घ्या म्हटलं. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल, एवढा वेग. दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी, मग हळूहळू वाढवायचं, खुर्चीची उठबस रोज. पोटाचं ऑपरेशन ताजं म्हणून वजनं सर्जननी हो म्हटल्यावरच. आणि ताप, चक्कर, छातीत दुखणं, कुठून रक्त येणं, यातलं काहीही असलं तर व्यायाम बंद आणि आम्हाला फोन.

केमोच्या पुढच्या सायकलला उठबस 9 वर गेली. काकू आता बरोबर चालतात, त्यांचाच गुडघा आधी दुखायला लागला, त्यांनाही व्यायाम लिहून दिला.

परवा सकाळी सकाळी काकांचा फोन, "मॅडम, ताप 101 आहे, पण पायात जोर आहे, चालून येऊ का?" म्हटलं, काका, सँडल घाला आणि गाडीत बसून सरळ कॅज्युअल्टीला या, केमोतला ताप आहे हा.