सोमवार सोडून जा: मुंबईचं आधुनिक कला संग्रहालय आणि आत्याचे टाके

आत्याला घेऊन पहिल्या खेपेला आम्ही सोमवारी गेलो. नाशिकहून पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस पकडली, सीएसएमटीला उतरून चालत रीगल सिनेमापर्यंत आलो, आणि समोर बंद फाटक. "चित्रं बघायला आणलंस आणि कुलूप दाखवलंस," आत्या म्हणाली. ते तिनं पुढचे चार महिने प्रत्येक नातेवाइकाला ऐकवलं. तर पहिली गोष्ट ही, की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (इंग्रजी आद्याक्षरांनी एनजीएमए) सोमवारी आणि राष्ट्रीय सुट्ट्यांना बंद असतं. तुमचाही असाच घोळ झाला तर परत फिरू नका. जवळच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, ती रोज अकरा ते सात उघडी असते आणि तिकीट नाही. आम्ही त्या दिवशी तेच केलं. तिथलं समोवार हे उपाहारगृह २०१५ साली बंद झालं ते झालंच, त्याची हळहळ मला दर वेळी नव्यानं वाटते.

दुसऱ्या खेपेला बुधवार धरला.

टॅक्सीवाल्याला 'एनजीएमए' म्हणाल तर तो तुमच्याकडेच बघत राहील. 'रीगल' म्हणा, नाहीतर 'म्युझियमच्या समोर' म्हणा. म्युझियम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्याच्या बरोबर समोर रस्त्यापलीकडे आपली इमारत. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत पंधरा-वीस मिनिटं. मेट्रो तीननं येणार असाल तर हुतात्मा चौकाला उतरा आणि काळा घोड्यातून चालत या, रस्ता सपाट आहे आणि बघण्यासारखा आहे.

इमारत म्हणजे जुना सर कावसजी जहांगीर हॉल. जुने मुंबईकर अजूनही सीजे हॉलच म्हणतात. वास्तुकार जॉर्ज विटेट, ज्यानं समोरचं वस्तुसंग्रहालय आणि गेटवेही उभारला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं हे दगडी काम आहे. इथे सभा झाल्या, मैफली झाल्या. मग शहरात दुसरी सभागृहं आली आणि हॉलची रया गेली. लग्नं, बॉक्सिंगच्या झुंजी, कपड्यालत्त्याचे सेल, जो भाडं देईल त्याचं. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि कलादालन चालवणारे केकू गांधी अशा मंडळींनी मुंबईला आधुनिक कलेचं सरकारी संग्रहालय हवं म्हणून पाठपुरावा केला. वास्तुकार रोमी खोसला यांनी आतून बदल केले आणि १९९६ साली संग्रहालय उघडलं. दिल्लीचं मूळ संग्रहालय १९५४ चं, म्हणजे मुंबईला बेचाळीस वर्षं थांबावं लागलं. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट ज्या शहरात १९४७ साली जन्मला, त्या शहराला! असो.

आता एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुमची निराशा होणार नाही. बाहेरून ही वारसा इमारत बघून आत उंच छताचा, गॅलरीवाला जुना हॉल असेल अशी कल्पना करून जाल तर तो तिथे नाही. दगडी कवच तेवढं जुनं. आत अर्धवर्तुळाकार दालनं एकावर एक रचलेली आहेत आणि ती जिन्यानं जोडलेली आहेत. एखाद्या जुन्या पितळी डब्यात नवा पुडाचा डबा बसवावा तसं. मला आधी हे खटकलं होतं. पण चढत गेलं की कळतं, ही इमारत चढून बघायची आहे. मधेच थांबून मागे वळा, नुकतंच जवळून पाहिलेलं काम वरून निराळंच दिसतं. खाली नाकासमोर चार रंगांचे फटकारे होते, वरून तोच एक चेहरा निघाला. आत्याला तो दिसायला मात्र तिसरा जिना लागला.

गुडघेदुखीवाल्या माणसाला नेत असाल तर लिफ्टची चौकशी खालीच, तिकीट काढताना करा. आम्ही केली नाही. आत्या दर टप्प्यावर बसत, 'तू हो पुढे' म्हणत वर आली. त्याचा एक फायदा झाला, ती जिथे बसली तिथलं काम तिनं माझ्यापेक्षा जास्त वेळ पाहिलं.

दुसऱ्या मजल्यावर भिंतीवर एक मोठं कापड टांगलं होतं. मातकट रंग, त्यावर लाल दोऱ्याचे टाके, काही ठिकाणी दोरे लोंबत सुटलेले. मी शेजारची पाटी वाचत होते. पाटीत स्मृती, शरीर, अवकाश असं बरंच काही होतं. आत्या पाठीमागून म्हणाली, "हे उलटं लावलंय."

"असं नसतं गं आत्या, इथे."

"अगं, गाठी बघ की. गाठी कधी सुलट बाजूला येतात का? हा साखळी टाका आहे, तो मागून असा सरळ टिपेसारखा दिसतो. बाईनं मुद्दाम मागची बाजू पुढे केलीय."

मी नाक कापडाजवळ नेलं. (हात लावायचा नाही, पहारेकऱ्याचं लक्ष असतं.) खरंच, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक बारीक गाठ होती आणि दोन टाक्यांमधून दोरा तिरका पलीकडे गेला होता, जसा भरतकामाच्या मागे जातो तसा. एवढ्या मोठ्या पाटीत हे एक वाक्य नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक दालनात आधी आत्याला विचारलं आणि मग पाटी वाचली. तुम्हीही पाटी शेवटी वाचा.

सगळ्यात वरचं दालन घुमटाखालचं आहे, ते चुकवू नका. पाय दुखायला लागले की लोक खालूनच परत फिरतात आणि नेमकं तेच राहतं. खालच्या दालनांत हरवलेला जुना हॉल इथे डोक्यावर थोडा परत भेटतो.

इथे ठरलेली चित्रं कायम लावलेली असतील असं समजू नका. प्रदर्शनं बदलत असतात. २०१९ साली इथेच चित्रकार प्रभाकर बरव्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं, तेव्हा मी एकटी दोनदा आले होते. दोन प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांत एखादा मजला बंद असतो किंवा नुसत्या रिकाम्या भिंती असतात. बाहेरगावहून येणाऱ्यानं निघण्याआधी काय चालू आहे ते तपासावं आणि वेळही तेव्हाच विचारून घ्यावी. आम्ही गेलो तेव्हा तिकीट भारतीयांना २० रुपये होतं, परदेशी पाहुण्यांना ५००. फोटोचा नियम प्रत्येक प्रदर्शनाला वेगळा असू शकतो, त्यामुळे विचारून मगच मोबाइल काढा. सगळं नीट बघायला दोन तास पुरतात, आत्याबरोबर तीन. त्याच दिवशी समोरचं वस्तुसंग्रहालय उरकायच्या भानगडीत पडू नका, त्याला वेगळा दिवस लागतो. आणि जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत शांतपणे बघायचं मनात असेल तर सकाळी दार उघडताच जा.

पिशव्या खाली जमा कराव्या लागल्या आणि टोकन मिळालं. निघताना ते सापडेना. पर्स उलटी केली, रुमाल झटकला, पहारेकऱ्यानं हसत खुर्ची दिली. शेवटी ते आत्याच्या चष्म्याच्या घरात निघालं. वरती टाके बघताना चष्मा काढला, तेव्हा टाकलं असणार. पंचवटी सुटायला तेव्हा चाळीस मिनिटं होती, म्हणून चालणं सोडून टॅक्सी केली.