खिळ्यावरचं बँडेज

मंगळवार, रात्री

कुणीच विचारलं नाही. सकाळपासून हेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

चौदा दिवसांनी आज बॉक्सिंगच्या हॉलवर गेले. अमरावतीचं सगळं आटोपून रविवारी परत आले, काल नुसती पडून होते आणि आज गजर व्हायच्या आधीच जाग आली. गाडीवर जाताना मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. कोणी विचारलंच तर एवढंच सांगायचं, जास्त खोलात जायचं नाही. डोळ्यांत पाणी आणायचं नाही. आत गेले तर पोरं दोरीवर होती आणि सर घड्याळ लावत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "या. वॉर्मअप करा." बस, एवढंच.

चौदा दिवस काही थोडे नाहीत. ऑफिसातून फोन आले होते, पण ते फायली कुठे ठेवल्यात हे विचारायला. हॉलचं तसं नाही असं मी धरून चालले होते. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि मी चालता चालता या दारापर्यंत आले. त्या दिवसांत सकाळी उठायचं कशासाठी हेच कळत नव्हतं. आता पाचला उठते, कारण साडेपाचला घड्याळ लागतं आणि ते कुणासाठी थांबत नाही.

तीन मिनिटं काम, एक मिनिट आराम. सगळ्या हॉलला एकच घड्याळ. राज्य स्पर्धेला जाऊन आलेली पोरगी बॅगवर असो की माझ्यासारखी बाई आरशासमोर जॅबचा सरळ ठोसा घोटत असो, घंटा झाली की सगळ्यांचे हात एकदम खाली येतात. मग त्या एका मिनिटात बाटल्या फिरतात. पोलीस भरतीची तयारी करणारे दोघं मैदानी चाचणीचं बोलतात. बार्शीटाकळीकडची पोरगी क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीची तारीख चौथ्यांदा विचारते. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा असतात, हे इथल्या बारा वर्षांच्या पोरालाही पाठ आहे. त्यांचे आईबाप त्यावरच तर पाठवतात. पुन्हा घंटा होते आणि बोलणं अर्ध्यावरच राहतं. त्या अर्ध्या बोलण्यांवर मी दीड वर्ष काढलं.

आणि आज त्या एका मिनिटात माझ्यासाठी एक वाक्य नव्हतं.

भिंतीवर मेरी कोम आहे, शेजारी निखत झरीन. निखतचं निजामाबाद इथून परकं वाटत नाही, पूर्णा-नांदेडवरून गाडी जाते तिकडे. २०२२ ला इस्तंबूलमध्ये ती जागतिक विजेती झाली तो फोटो आहे. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा २००१ ला झाली, मेरी कोमला तेव्हा रौप्य मिळालं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि असं काही असतं हे माझ्या गावीही नव्हतं. ऑलिंपिकमध्ये तर बायकांना २०१२ मध्ये घेतलं. या पोरींना ते फोटो घरच्यांसारखे झालेत, त्यांच्याखाली डबे ठेवतात. मी मात्र आजही जरा थांबून बघते. अप्पांना तो फोटो दाखवायचा होता. असो.

ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायचं बँडेज घ्यायला कोपऱ्यात गेले. खिळे अकरा आणि पोरं तीसच्या वर, त्यामुळे एकेका खिळ्यावर तीन-तीन बँडेज लोंबतात, त्यांवरून भांडणंही होतात. माझ्या खिळ्यावर फक्त माझंच होतं. मी सोडलं होतं तसंच, घाईत अर्धवट गुंडाळलेलं. तेव्हा मला काही वाटलं नाही. उलट रागच आला, की धुवून तरी ठेवायचं कुणी.

अंगठ्यात फास अडकवला, मनगटाला तीन वेढे घेतले आणि पुढचं सुचेना. साडेचार मीटरची पट्टी, मी रोज न बघता बांधते. आज बोटांमधून कुठून काढायची तेच आठवेना. बार्शीटाकळीवाली आली, म्हणाली, "आणा मावशी, हात द्या." तिने माझा पंजा स्वतःच्या गुडघ्यावर पालथा ठेवला आणि एकेका बोटामधून पट्टी काढत गेली. "मूठ करा. काचते का?" काचत नव्हतं. तरी तिने सोडून पुन्हा बांधलं. दुसराही हात न बोलता ओढून घेतला. तिची दोरीची पाळी गेली त्यात.

सरांनी माझे ठोसे झेलायला पॅड धरले. रोज माझे चार राउंड होतात. आज पहिल्या घंटेलाच पॅड काढून म्हणाले, "आज एवढंच. उद्या दोन करू." मी म्हटलं, जमतंय मला. ते म्हणाले, "जमतं हो. उद्या या."

त्यांना माहीत असावं. ते खिळ्याचंही पोरांनी आपणहून केलं की कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. हे सगळं आत्ता लिहिताना दिसतंय. सकाळी मी फक्त प्रश्नाची वाट बघत होते.

आणि लिहिता लिहिता दुसरंच आठवलं. शेवटच्या खिळ्यावर निळी दोरी आहे, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. त्या डावखुऱ्या पोराची. गणपतीपासून तो आलेला नाही. त्या खिळ्यावरही दुसरं काही कुणी टांगत नाही. मी रोज त्या दोरीसमोर उभी राहून बँडेज बांधत होते आणि एकदाही कुणाला विचारलं नाही, की तो येत का नाही. माझे पॅड धरायचा तो, सर नसले की. "मावशी, डोळे मिटू नका" म्हणायचा.

सरांकडे त्याच्या घरचा नंबर असेल.

बँडेज धुवून बाल्कनीत टाकलंय. पंख्याखाली घ्यावं लागेल, नाहीतर साडेपाचपर्यंत वाळायचं नाही.