नळाला पाणी किती वाजता येतं

१४ मे

मुंबई म्हणजे खरा महाराष्ट्र नव्हे, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. खरा समाज गावात, शहर म्हणजे नुसती सरमिसळ. मला हे पटत नाही. गावातला रिवाज कोणी न सांगता चालतो, त्यामुळे तो चटकन दिसतही नाही. शहरात तोच रिवाज कुठेतरी लिहून ठेवावा लागतो: माणशी किती लिटर, कुठल्या वस्तीला किती वाजता, कुठला कागद दाखवल्यावर. समाजाचा स्वभाव ओळखायचा तर हे आकडे वाचावेत. मुंबईत ते सगळ्यात स्पष्ट वाचता येतात पाण्यात.

पालिकेच्या पाणीवाटपात वर्षानुवर्षं चालत आलेला हिशेब होता तो इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असा. एकच शहर, एकच उकाडा, घाम तोच, आणि वाटा मात्र एक तृतीयांश. हा आकडा ठरवणारे कोणी दुष्ट नव्हते. झोपडीत शॉवर नाही, फ्लशची टाकी नाही, म्हणून पाणी कमी लागतं, असा त्यामागचा तर्क. पण फ्लश नाही म्हणून पाणी कमी द्यायचं, आणि पाणी कमी म्हणून फ्लश बसवता येत नाही. आपल्या समाजातल्या कितीतरी गोष्टी अशाच गोल फिरतात.

४५ लिटरही प्रत्यक्षात हातात पडतात का, हे नळाशी उभं राहून मोजावं. वस्तीत बऱ्याचदा पाच घरांना मिळून एक जोडणी असते. घरात पाच माणसं धरली तर घराला २२५ लिटर हवेत, म्हणजे २०० लिटरचा एक निळा ड्रम आणि वर दोन हंडे. पाणी दोन तास येतं असं धरू. पाच घरांत वाटले तर प्रत्येकाला २४ मिनिटं. अर्ध्या इंची नळाला दाब बरा असेल तर मिनिटाला दहा लिटर, म्हणजे २४० लिटर, काम भागलं. पण वस्ती टेकडीवर असेल, किंवा गोवंडी-मानखुर्दसारखी लाइनीच्या शेवटच्या टोकाला, तर मिनिटाला पाच लिटरही कष्टाने येतात. मग घराला १२० लिटर, माणशी २४. कागदावर ४५च राहतात.

इथून मोटर येते. एका घराने नळाला थेट मोटर लावली की ती पाइपातलं पाणी ओढून घेते आणि पुढच्या घराचा नळ कोरडा होतो. मग पुढचाही मोटर घेतो. हे बेकायदा आहे आणि धोक्याचंही. वस्तीतले पाइप कित्येकदा गटारातून किंवा गटाराच्या काठाने गेलेले असतात आणि सांधे झिजलेले असतात. पाणी सुरू असताना आतला दाब घाण बाहेर ठेवतो. पाणी बंद झालं किंवा मोटरने ओढलं की आतला दाब पडतो आणि गटाराचं पाणी सांध्यातून आत शिरतं. म्हणून पाणी सुरू झाल्यावरची पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ येतात. ते पाणी धुण्या-पुसण्याला काढून ठेवावं आणि पिण्याचं नंतर भरावं, हे वस्तीतल्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. नेहमी येणारा तो हलका वास एखाद्या दिवशी अजिबात नसेल तर पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. पण ज्या घराला १२० लिटरच मिळतात आणि ज्याची पाळी पहिली, त्याने त्यातली पहिली दहा मिनिटं सोडून द्यायची म्हणजे जवळजवळ निम्मं पाणी गेलं. रोगराई शिरते ती इथून. नंतर मात्र तिचं खापर वस्तीच्या अस्वच्छतेवर फुटतं.

लोकांना सहसा माहीत नसतं ते हे की इमारतींनाही चोवीस तास पाणी येत नाही. मलबार हिलवरही ते ठरल्या तासांपुरतंच येतं. फरक टाकीचा आहे. चाळीस सदनिका, प्रत्येकी पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला २७ हजार लिटर. ते आधी जमिनीतल्या टाकीत उतरतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग दिवसभर नळ कधीही उघडा, पाणी आहे. पाण्याची वेळ इमारतीत फक्त पंप चालवणाऱ्या वॉचमनला ठाऊक असते. वस्तीत ती प्रत्येक बाईला ठाऊक असते, कारण तिथे टाकी म्हणजे ती स्वतःच. पहाटे चारला पाणी असेल तर तिची झोप साडेतीनला मोडते. दुपारी असेल तर कामावर खाडा, नाहीतर मुलीची शाळा बुडते. माझ्या मते या शहराचं वेळापत्रक बाईच्या झोपेवर चालतं, आणि पाणीवाटपाच्या कुठल्याही तक्त्यात त्या झोपेचा रकाना नाही.

वेळापत्रक चालवतो तो चावीवाला. पालिकेचा कामगार, हातात माणसाच्या छातीएवढी लोखंडी चावी, रस्त्यावरचं झाकण उचलून व्हॉल्व्ह फिरवायचा. कुठल्या व्हॉल्व्हला किती फेरे, हे त्याला पाठ असतं. एकदम उघडला तर पाइपातली हवा आणि पाणी आदळून सांधा फुटतो, म्हणून हळूहळू उघडावा लागतो. एक व्हॉल्व्ह बंद व्हायला उशीर झाला की पुढच्या भागाला पाणी उशिरा आणि कमी. शहरात असे शेकडो व्हॉल्व्ह रोज फिरतात. नळ कोरडा राहिला की लोक नगरसेवकाच्या कार्यालयात जातात, तिथून वॉर्डात फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी दोन फेरे जास्त पडतात. हक्काचं पाणी ओळखीने मिळवायचं. ही सवय मुंबईने लावलेली नाही, ती आपण गावाहून सोबत आणली आहे.

आणि कागद. १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००: या तारखांच्या आधीची झोपडी असल्याचा पुरावा असेल तर पाडापाडीपासून संरक्षण, आणि त्याच्याच आधाराने नळ, असं वर्षानुवर्षं चाललं. डिसेंबर २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. त्याच निकालात अशा वस्त्यांना इतरांइतकंच पाणी देण्याचं बंधन नाही आणि दर जास्त लावता येईल, असंही आहे. २०२२मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं. तरी वस्ती केंद्र सरकारच्या, रेल्वेच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर असेल तर अर्ज ना-हरकत पत्रापाशी अडतो.

हे वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. तरी पाण्याला हात कोणी लावू देत नव्हतं, आणि २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळ भरावी लागली. आज मुंबईत नळाशी कोणी जात विचारत नाही, हा बदल मोठा आहे आणि तो शहराच्या बाजूने लिहिलाच पाहिजे. जातीच्या जागी तारीख विचारली जाऊ लागली. पण ज्यांच्याकडे जुना कागद नसतो ती माणसं कोण, हे वस्तीत एक फेरी मारली तरी कळतं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, खाऊ घातलं. ते खरंच होतं. पण संकटाच्या एका रात्रीवरून समाज जोखायचा नसतो. मला साधा मंगळवार महत्त्वाचा वाटतो.

शहराबाहेर गेल्याशिवाय मात्र हा हिशेब पुरा होत नाही. मुंबईला रोज जवळपास ३९० कोटी लिटर पाणी सात जलाशयांतून येतं. विहार (१८६०) आणि तुळशी शहरातच आहेत, पण त्यांचं पाणी नाममात्र. बाकी सगळं ठाणे, पालघर, नाशिककडून. एकट्या भातसाचा वाटा निम्म्याच्या आसपास, आणि भातसा, तानसा शहापूर तालुक्यात. तिथे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण खाली कातळ, पाणी मुरत नाही, उतारावरून थेट धरणात जातं. पाडे धरणाच्या पातळीच्या वर, त्यामुळे पाणी उचलायला पंप लागतो, आणि वीजबिल थकलं की योजना बंद. म्हणून एप्रिल-मेमध्ये ठाकूर, कातकरी, वारली पाड्यांवर टँकर येतो. तो विहिरीत रिकामा करतात, आणि मग काठावर दोरी-बादल्यांची झुंबड उडते. तळाशी जुना गाळ असतो, वरून पडणाऱ्या पाण्याने तो ढवळतो, आणि पहिल्यांदा ओढणाऱ्यांच्या वाट्याला गढूळच येतं. थांबावं तर विहीर संपते.

इगतपुरीच्या भावली धरणातून शहापूरला उतारानेच, पंपाशिवाय, पाणी आणण्याची योजना आहे. पंप नाही म्हणजे वीजबिलाचा फास नाही, त्यामुळे ती टिकण्याची शक्यता मला जास्त वाटते. पाड्यांवरच्या टाक्या आधी बांधून भरल्या नाहीत तर मात्र तिथेही वस्तीसारखंच होईल: पाणी येईल तेव्हा बाईने घरी असायला हवं.