सात कोंबड्या अन् माझं हसणं

12 एप्रिल, रात्रीचे पावणेबारा

कूलरच्या आवाजानं झोप येत नाहीये असं सांगता आलं असतं, पण कूलर तर पंधरा दिवसांपासून सुरू आहे. खरी गोष्ट अशी की मी हसली.

दुपारी त्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात गेली, म्हटलं लासोटा आहे का, कोंबड्यांची ती मानमोडीची लस. किती पक्षी? सात. "सात हजार?" नाही हो, सात. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या पोऱ्याकडे पाहिलं, अन् म्हणे ताई, सगळ्यात लहान बाटली शंभर डोसची येते, सातसाठी कायले फोडता, रविवारी एकेक कापत जा, सात रविवारात विषय खतम. अन् मी हसली. चांगली दात दाखवून. वरून "हो नं" म्हटलं.

काऊन हसली?

आम्ही काही माळकरी नाही, रविवारचा सावजी रस्सा या घरात कधी चुकत नाही, त्यामुळे कापण्याच्या गोष्टीचा राग यावा असं तोंडही नाही मला. पण आमची काळी कोंबडी रोज सकाळी खुराड्याचं दार उघडलं की आधी माझ्या पायाचा अंगठा टोचून पाहते, चपलेतल्या अंगठ्यावर बरोबर नेम, मगच बाहेर पडते. अन् मी तिच्यावर हसली, परक्या माणसाला बरं वाटावं म्हणून.

मागच्या गल्लीत चार दिवसांत नऊ कोंबड्या गेल्या. हिरवी हगवण, चोच उघडी टाकून श्वास, अन् शेवटी मान पिळल्यासारखी वाकडी. मानमोडी. दुकानात तिलाच राणीखेत म्हणतात, कुमाऊंतल्या गावाचं नाव, बिचाऱ्या गावाची काय चूक. आई म्हणतात त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात यायची, खुराडं रिकामं व्हायचं, पाऊस पडला की पुन्हा खुडूक बसवायची बारा-पंधरा अंड्यांवर, टोचायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. खोटं नाही बोलत त्या. पण त्यांच्या कोंबड्यांना नावं नव्हती, इथं सोनूनं सातही जणींचं बारसं करून ठेवलंय. ह्यांना विचारलं तर म्हणे पुढच्या आठवड्यात पाहू.

पुढच्या आठवड्यात पाहू हे आपण 2021 च्या एप्रिलमध्येही म्हटलं होतं, बाबांच्या बाबतीत. जाऊ दे, तो विषय आज नको.

डॉक्टरकाकांना कंपाउंडवरूनच विचारलं. नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात ते तीन वाघ अन् बिबट्या बर्ड फ्लूनं गेले तेव्हापासून माझ्या डोक्यात सगळी खिचडी आहे. काका म्हणाले बेटा, तो रोग वेगळा, तो सापडला तर एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारून पुरतात, तिथं तुझ्या लासोटाचा काही उपयोग नाही. मानमोडीला मात्र आहे. पण आजारी पडलेल्यांना देऊन फायदा नाही, धडधाकट असतील तेव्हाच द्यायची. मी म्हटलं कोंबड्या विकणारा तर म्हणाला होता सगळे डोस झालेत. काका नुसते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले एकदम सुई नको, आधीचं काही झालं नसेल अन् थेट आर-टू-बी, म्हणजे मानमोडीचीच सुईची लस, टोचली तर त्यानंच पक्षी आजारी पडू शकतो, आधी डोळ्यात थेंब, सुईचं नंतर बघू. एका डोळ्यात एक थेंब, पापणी मिटेपर्यंत सोडायची नाही. बाटली बर्फात आणायची, बर्फातच ठेवायची, अन् एकदा कालवली की दोन तासांत संपवायची.

म्हणजे सात थेंब वापरायचे अन् त्र्याण्णव नालीत. पैशाचं नाही, एक किलो चिकनपेक्षा स्वस्त आहे बाटली. ते त्र्याण्णवच टोचत होते. पुन्हा त्या माणसाचं तोंड डोळ्यासमोर आलं, सात हजार?

मग संध्याकाळी काय सुचलं कोणास ठाऊक, लाइट बिल उलटं करून पेन घेऊन निघाली, मतदार यादीवाल्यासारखी घरोघरी, तुमच्याकडे कोंबड्या किती, तुमच्याकडे किती. पाण्याच्या टाकीजवळच्या मावशींकडे अकरा. कोपऱ्यावर सहा अन् एक कोंबडा, तो मोजायचा की नाही यावर नवरा-बायकोचंच वाजलं. एका घरी म्हणे लस दिली की अंडी बंद होतात, मी काकांचंच वाक्य जसंच्या तसं फेकलं, सुईनं काही दिवस अंडी कमी होऊ शकतात, हे थेंब आहेत. स्वतःचाच आवाज ऐकून मला वाटलं, बापा, ही कोण डॉक्टरीण आली. मागच्या गल्लीत जायचं होतं, पण काका नको म्हणाले, तिथलीच चिखलमाती चपलेला लागून आपल्या अंगणात येते. आमच्या सात धरून बेरीज अडतीस. बासष्ट अजूनही नालीतच, पण बासष्ट अन् त्र्याण्णवमध्ये काहीतरी फरक असेलच.

उद्या उन्हं उतरल्यावर थेंब टाकायचं ठरलंय, साडेसहाला. काळी त्या वेळी पेरूच्या झाडावर चढलेली असते, तिला कोण उतरवणार यावर घरात कोणी बोलायला तयार नाही. आई दुपारभर लस कशाला म्हणत होत्या, आता त्यांनीच त्यांचा जुना थर्मास धुऊन ओट्यावर पालथा घालून ठेवलाय, एक शब्द न बोलता.

उद्या पुन्हा त्याच दुकानात जायचं आहे, जवळ दुसरं नाही. किती पक्षी विचारलं तर अडतीस सांगायचं. की सातच सांगू? सातच सांगते, अन् हसायचं नाही. म्हणजे तो हसला तर हसू दे, मी नाही हसणार. बहुतेक.

बर्फाचा ट्रे एकच आहे अन् त्यात सोनूनं रसनाचे गोळे लावून ठेवलेत. ते काढून पाणी भरून येते.