डेन्व्हरचं कॅपिटॉल : मैलाची पायरी एक नाही, तीन!

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचं विधानभवन, म्हणजेच कॅपिटॉल, बघायला शनिवार-रविवार ठेवला असेल, तर बेत आत्ताच बदला. इमारत फक्त सोमवार ते शुक्रवार उघडी असते, सरकारी सुट्टीला बंद. वीकेंडला हाती लागतात त्या बाहेरच्या पायऱ्या, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर ‘समुद्रसपाटीपासून एक मैल’ असं कोरलंय ती पंधरावी पायरी. फोटोला झुंबड तिथेच, आणि नेमकी तीच चूक. १९६९ मध्ये इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा मैल अठराव्या पायरीवर निघाला. तिथे पितळी चकती बसवली. २००३ च्या मोजणीत तो तेराव्या पायरीवर उतरला, मग तिथे आणखी एक. ५,२८० फुटांचा, म्हणजे बरोब्बर एक मैलाचा फोटो हवा तर तेरावी. खालून स्वतः मोजत जा, गर्दी कुठे थांबलीय ते बघू नका.

घुमटाची फेरी फुकट, पण जागा मोजक्या. आत शिरल्या शिरल्या आधी फेरीच्या टेबलावर नाव नोंदवा, दालनं नंतर. तिसऱ्या मजल्यापासून वर ९९ पायऱ्या, चिंचोळ्या. सिंहगड चढणाऱ्याला आकडा ऐकून हसू येईल. पण डेन्व्हर १,६०९ मीटरवर आहे, कळसूबाई १,६४६ वर. म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून पुढचा जिना चढायचा. विमानातून उतरल्याच दिवशी हा उद्योग नको, धाप लागते, डोकं जड होतं. एक रात्र जाऊ द्या, पाणी भरपूर प्या. उन्हाळ्यात सकाळचीच वेळ घ्या, दुपारी ढग गडगडायला लागतात आणि रॉकीजच्या डोंगररांगा दिसेनाशा होतात.

आतल्या भिंतींचा गुलाबी दगड हात लावून बघण्यासारखा. ब्यूला गावाजवळचा हा ‘रोझ ऑनिक्स’ सगळाच्या सगळा याच इमारतीत संपला. लादी फुटली तर जोड मिळणार नाही. जागेची गंमतही ऐका : हेन्री ब्राऊन यांनी ती १८६८ मध्ये दान दिली, बांधकाम होईना म्हणून परत मागितली आणि भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं.

दाराशी विमानतळासारखी तपासणी होते. खिशातला चाकू, मल्टिटूल हॉटेलवरच ठेवा.

गाडी आणू नका. आसपासच्या पार्किंगचे भाव म्हणजे लूट. विमानतळावरून ए लाइन या रेल्वेने युनियन स्टेशन, तिथून सोळाव्या स्ट्रीटवरची फुकट बस शेवटच्या थांब्यापर्यंत. उतरलात की सोनेरी घुमट समोरच.